आधी त्यांच्या बांधावर तर जा

मागच्या अंकात मी दोन ओळी सहज लिहून गेलो होतो की इंजिनिअरिंगच्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून तेच ते ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ बनवण्यापेक्षा जगात खरोखर चालू असलेलं एखादं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो असं, सॉफ्टवेअर उघडावं, ते कसं जोडलंय ते बघावं आणि ते बनवणाऱ्यांशी बोलावं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यातच जाणार आहे. चार प्रश्न निवडले. नावं छापत नाही, गावं तेवढी देतो. पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा लागली, पण तो प्रश्न तसा आहेच.

प्रश्न : सर नमस्कार, मी दारव्ह्याची, सध्या अमरावतीला एम.ई. करून राहिली. माझा विषय सॉफ्टवेअरची मॉड्युलॅरिटी, म्हणजे कोड किती सुटसुटीत भागांत वाटलेला आहे आणि भाग एकमेकांत किती अडकलेले आहेत ते मोजणं. मी हिशेब ठेवायचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेतलं, त्याच्या पाच वर्षांच्या कमिट, म्हणजे कोडमध्ये वेळोवेळी केलेल्या बदलांच्या नोंदी, काढल्या, कोणत्या फाइली नेहमी सोबत बदलतात ते मोजलं, ग्राफ काढले आणि अडतीस पानांची पीडीएफ करून डेव्हलपरना मेल केली की तुमच्या या या ठिकाणी कपलिंग, म्हणजे भागांचं एकमेकांत अडकणं, फार आहे, हे वेगळं करा. तीन महिने झाले. एकाने फक्त ‘थँक्स’ लिहिलं, बाकी काहीच नाही. गाईड म्हणतात सोडून दे, पेपर लिही. पण मला वाटतं मी एवढं केलं ते त्यांच्या कामी यायला पाहिजे. हे लोक काहून उत्तर देत नाहीत?

ताई, सगळ्यात आधी हे सांगतो की ‘त्यांच्या कामी यायला पाहिजे’ हे तुम्हाला वाटतंय ना, ते सोडू नका, कितीतरी लोकांना पीएचडी होईपर्यंत ते वाटत नाही. आता उत्तर काहून आलं नाही ते बघू, पण त्यासाठी थोडं शेतात जावं लागेल, कारण मला स्वतःला हा विषय तिथूनच कळला.

आमच्या घरी जोपर्यंत बैल होते तोपर्यंत जू एकच होतं. त्याच बैलांच्या मागे उन्हाळ्यात वखर, मिरगात पेरायला तिफन आणि पीक वितभर झालं की ओळींमधलं तण काढायला डवरा. वखराची पास झिजली की लोहाराकडे पास तेवढी जायची, अख्खं वखर कोणी खांद्यावर घेऊन जात नव्हतं. तिफनीच्या चाड्यावर मूठ सोडणाऱ्या बाईला जुवाखाली कोणते बैल आहेत याच्याशी काही घेणंदेणं नसायचं, बैल बदलले तरी तिची मूठ तशीच चालायची. सॉफ्टवेअरमध्ये मॉड्यूल म्हणतात ते हेच, एका भागाच्या पोटात काय चाललंय ते दुसऱ्या भागाला माहीत असायची गरजच पडू नये. डेव्हिड पार्नास या संगणक शास्त्रज्ञांनी १९७२ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं. त्यांनी एकच छोटा प्रोग्राम दोन प्रकारे तोडून दाखवला. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, म्हणजे आधी वाचा, मग फिरवा, मग क्रम लावा, मग छापा, आणि दुसऱ्यांदा ‘पुढे कोणता निर्णय बदलू शकतो’ हे बघून, असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवून. पहिल्या प्रकारात एक गोष्ट बदलली की सगळीकडे हात घालावा लागतो, दुसऱ्यात एकाच ठिकाणी भागतं.

आता इथे एक गंमत आहे आणि तुमच्या कामाचा जीव तिच्यातच आहे. तिफन आणि डवरा ही दोन वेगळी अवजारं, एक जूनमध्ये निघतं, दुसरं जुलैमध्ये, दोघांना जोडणारी साधी दोरीसुद्धा नाही. पण तिफनीच्या दात्यांमधलं अंतर बदललं आणि डवरा जुनाच ठेवला तर तो ओळीत चालत नाही, सरळ पीकच कापतो. म्हणजे दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत, फक्त ते बंधन अवजारात दिसत नाही, ते तासात आहे, दोन ओळींच्या मधल्या जागेत. कोडमध्ये असं फार असतं, दोन फाइली एकमेकींचं नावही घेत नाहीत पण दरवेळी सोबत बदलतात कारण दोघींना एकच गोष्ट माहीत आहे. तुम्ही कमिटच्या इतिहासातून काढलं ते हेच, आणि ते फक्त कोड वाचून निघत नाही, त्यामुळे तुमची पद्धत चुकलेली नाही हे आधी मनात पक्कं करा.

चुकतं ते पुढे. माझ्याकडूनही नेमकं तेच झालं होतं म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका प्रकल्पाचा असाच अभ्यास केला आणि माझ्या यादीत सगळ्यात वर आलं ते म्हणजे काही डझन फाइलींचा एक गठ्ठा, त्या जवळपास प्रत्येक वेळी सोबतच बदलायच्या, शंभरातल्या नव्वद वेळा वगैरे. मला वाटलं सापडलं, हाच तो गुंता, आणि मोठ्या उत्साहाने लांबलचक मेल लिहिला. तिकडून एका मेंटेनरचं, म्हणजे तो प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, तीन ओळींचं उत्तर आलं. त्या भाषांतराच्या फाइली होत्या, मराठी, हिंदी, जर्मन, सगळ्या भाषांच्या, आणि मूळ प्रोग्राममधलं एखादं वाक्य बदललं की एक स्क्रिप्ट त्या सगळ्या फाइली एका झटक्यात अपडेट करते, माणसाचा हात लागतच नाही. मी स्वतः त्यातली मराठीची फाइल कधीतरी उघडून बघितलेली होती आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी आकडे बघत होतो, त्या लोकांचं रोजचं काम बघत नव्हतो. त्या दिवसापासून मी यादी काढली की आधी साफ करतो, जानेवारीत सगळ्या फाइलींच्या डोक्यावरचं कॉपीराइटचं वर्ष बदललेली कमिट बाहेर, नुसती स्पेस आणि इंडेंटेशन सारखं केलेली कमिट बाहेर, एका वेळी शे-दोनशे फाइलींना हात लावणारी कमिट बाहेर, फाइलीचं नाव बदललं असेल तर जुनं नवं जोडून घ्यायचं. तुमच्या अडतीस पानांत यातलं काही राहिलंय का ते आधी तपासा. राहिलं असेल तर त्यांनी पहिलं पान बघूनच पीडीएफ बंद केली असणार, आणि त्यांची जागा घेऊन विचार केला तर मीही तेच केलं असतं.

दुसरं म्हणजे पीडीएफ. ओपन सोर्सवाले लोक कोणत्या चीजेवर काम करतात? पॅच म्हणजे कोडमधला एक छोटा बदल, इश्यू म्हणजे तक्रारीची नोंद, पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, आणि दोन-चार ओळींची चर्चा. त्यांच्यापुढे अडतीस पानं टाकणं म्हणजे ऐन कापूस वेचणीत कोणाच्या वावरात जाऊन जिल्ह्याचा मृदा अहवाल हातात देण्यासारखं आहे. अहवाल खोटा नसतो हो, पण त्या माणसाचे दोन्ही हात बोंडात गुंतलेले असतात.

याच्या उलट ज्यांनी केलं त्यांचं उदाहरण लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, आहे. फ्रान्स आणि डेन्मार्कमधल्या काही संशोधकांनी, त्यात ज्युलिया लॉल हे नाव सगळ्यात पुढे, नेमका तुमचाच प्रश्न घेतला होता. कर्नलमधल्या एका सामाईक भागाचा इंटरफेस बदलला, समजा एका फंक्शनला एक जास्तीचं आर्ग्युमेंट आलं, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या शेकडो ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर-कीबोर्डसारखी यंत्रं चालवणाऱ्या भागांमध्ये, जाऊन तेच बदल करत बसावे लागतात, आणि कुठेतरी एखादा सुटतोच. त्यांनी हा त्रास मोजला, त्याला नाव दिलं, पण तिथे थांबले नाहीत, कोक्सिनेल नावाचं टूल बनवलं. त्यात तुम्ही बदल एकदाच लिहायचा आणि टूल तो सगळ्या कोडभर शोधून लावतं. आणि लिहायचा कसा, तर कर्नलवाले वीस-तीस वर्षं जो पॅच वाचत आलेत अगदी तसाच, काढायच्या ओळीपुढे वजा, घालायच्या ओळीपुढे अधिक. नवी भाषा शिका म्हणून कोणाला सांगितलं नाही. शिवाय टूल घ्या, वापरा म्हणून नुसतं मागे लागले नाहीत, टूल चालवून निघालेल्या चुका साध्या पॅचच्या रूपात स्वतः पाठवत राहिले, लोकांनी झापलं तर दुरुस्त करून परत पाठवले, वर्षानुवर्षं. आज कोक्सिनेलच्या स्क्रिप्ट कर्नलच्या सोर्समध्येच एका फोल्डरमध्ये आहेत. पेपरही झाले त्यांचे, चांगल्या ठिकाणी झाले, पण कर्नलवाल्यांनी त्यांना आपलं मानलं ते पॅचमुळे.

तर तुम्ही आता काय करायचं. अडतीस पानं कपाटात ठेवा, ती पेपरला लागतीलच. यादीतला एकच गुंता निवडा, मोठा नको, समजणारा घ्या. समजा पावती बनवायची फाइल आणि महिन्याच्या रिपोर्टची फाइल नेहमी सोबत बदलतात. मग त्या दोघींच्या सोबत झालेल्या कमिट एकेक उघडून वाचा, कमिटचा मेसेज वाचा, त्याला जोडलेली इश्यूमधली चर्चा वाचा, एक संध्याकाळ लागेल. बहुतेक दिसेल की कर आकारताना पैसे कसे राउंड करायचे हा नियम दोन्हीकडे वेगवेगळा लिहिलेला आहे, एकीकडे बदलला की दुसरीकडे आठवणीने बदलावा लागतो आणि कधीतरी विसरला की ग्राहकाच्या हिशेबात एका रुपयाचा फरक येतो आणि बग येऊन पडतो. असा एखादा खरा बग सापडला तर त्याच्यासकट लिहा, सहा-सात ओळीत, शेवटी साधा प्रश्न, ‘मला असं वाटतंय, बरोबर आहे का, की हे मुद्दाम वेगळं ठेवलंय?’ हे ‘मुद्दाम’ विचारणं फार महत्त्वाचं आहे हो. कारण कितीतरी गुंते मुद्दाम ठेवलेले असतात, वेग पाहिजे म्हणून, किंवा जुनी फाइल उघडता आली पाहिजे म्हणून, आणि ते कारण कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, त्या एका माणसाच्या डोक्यात असतं. तेच काढून आणणं हे संशोधकाचं खरं काम आहे असं मला मनापासून वाटतं, ग्राफ तर आज कोणीही काढतो.

आणि त्याच्याही आधी एखादा लहानसा बग स्वतः दुरुस्त करून द्या, मराठी भाषांतरातली चूक असली तरी चालेल. त्यांचे टेस्ट कसे चालतात, रिव्ह्यू कोण करतं, कोणत्या फाइलीला हात लावायला सगळे घाबरतात हे त्यातून जेवढं कळतं तेवढं कोणत्याच मेट्रिकमधून कळत नाही. गाईड सरांना सांगा की पेपर होणारच आहे, फक्त छापायच्या आधी मसुदा त्या लोकांना दाखवणार आहे. कोणते गाईड नाही म्हणतील?

प्रश्न : भाऊ, मी वरूडचा. दिवसा संत्र्याचं पाहतो अन् रात्री कोड लिहितो. एका ओपन सोर्स लायब्ररीचा, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामात वापरायच्या तयार कोडचा, मी मेंटेनर आहे, आम्ही चौघं मिळून चालवतो, पगार कोणालेच नाही. तुम्ही पोरांना आमच्याकडे पाठवून राहिले पण आमचे हाल ऐका. महिन्याला चार-पाच सर्वे येतात, वीस वीस मिनिटांचे, कोणत्या कोणत्या विद्यापीठातून. सुरुवातीले सगळे भरले. आजपर्यंत एकाचाही निकाल परत आला नाही. मले सांगा, आम्ही यांच्यासाठी वेळ काहून द्यावा?

भाऊ, राग बरोबर आहे आणि तो लपवायचंही काही कारण नाही. सर्वे भरून घेऊन निकाल न दाखवणं ही साधी माणुसकीची गोष्ट आहे, त्याला संशोधनाचा नियम कशाला लागतो.

आणि निकाल न दाखवणं तर लहान गोष्ट झाली, याच्याही पुढे गेलेली घटना सगळ्या जगाने पाहिलेली आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलच्या रिव्ह्यूमधून मुद्दाम दोष असलेले पॅच सुटतात का हे बघण्यासाठी, न सांगता, तसे पॅच मेंटेनर लोकांना पाठवले. २०२१ च्या एप्रिलमध्ये कर्नलचे एक मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या अख्ख्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणं बंद केलं, आधी आलेले सगळे परत तपासावे लागले, त्यात कितीतरी लोकांचा वेळ गेला, संशोधकांनी माफी मागितली आणि पेपर मागे घेतला. प्रश्न त्यांचा खोटा नव्हता, रिव्ह्यूमधून काय सुटतं हे कळायलाच पाहिजे. पण माणसांवर प्रयोग करतोय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, त्यांना वाटलं कोडवर करतोय. तुमच्या सर्वेवाल्यांचंही मला थोडं असंच वाटतं, त्यांना चार मेंटेनर दिसत नाहीत, चार रिस्पॉन्स दिसतात.

पण दार बंद करू नका ही माझी विनंती आहे, आणि त्याला कारण आहे. नेटस्केपने ३१ मार्च १९९८ ला आपल्या ब्राउझरचा सोर्स खुला केला, तोच मोझिला. लोकांनी उघडून बघितला तर कोड असा एकमेकांत विणलेला की बाहेरच्या माणसाला एक धागा ओढला तर दुसरीकडे काय उसवेल त्याचा पत्ता लागत नव्हता. त्याच वर्षी पुढे त्यांनी बरंच काही नव्याने रचलं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मॅककॉर्मॅक, रसनाक आणि बाल्डविन या तिघांनी नंतर याचा अभ्यास केला, २००६ मध्ये छापून आला. त्यांनी काय केलं तर फाइलींचा एक मोठा चौकोनी तक्ता मांडला, आडव्या उभ्या दोन्हीकडे त्याच फाइली, जी फाइल जिच्यावर अवलंबून तिथे खूण. मग सरळ आणि फिरून फिरून येणारी सगळी नाती धरून हिशेब केला की एक फाइल बदलली तर सरासरी किती टक्के फाइलींपर्यंत धक्का पोचू शकतो. सुरुवातीच्या मोझिलात तो आकडा १७ टक्क्यांच्या वर निघाला, त्याच सुमाराच्या लिनक्समध्ये ५ च्या आसपास, आणि नव्या रचनेनंतर मोझिलाचा ३ च्याही खाली आला, म्हणजे लिनक्सपेक्षाही सुटसुटीत. जे लोक त्या कोडमध्ये रात्रंदिवस बसलेले होते त्यांना गुंता जाणवत होताच, पण किती होता आणि किती सुटला हे असं एका तक्त्यावर दाखवायला बाहेरचा माणूस लागला. आपल्याच घरातल्या वासाची आपल्याला सवय होते, तसं आहे ते.

तुमच्या लायब्ररीतही असं काही असणारच. तुम्ही चौघं आहात ना, मग एक बघा, तिचे मोठे भाग कितीही असोत, ज्या दोघांचं आपसात बोलणं कमी आहे त्यांच्या भागांमधला सांधा सगळ्यात कच्चा निघेल. मेल्विन कॉन्वे या प्रोग्रामरने १९६८ मध्ये हेच लिहून ठेवलंय, माणसांमधलं बोलणं जसं वाटलेलं असतं तसाच त्यांनी बनवलेल्या वस्तूचा नकाशा होतो. चांगला संशोधक आला तर तो हे तुम्हाला दाखवेल. वाईट आला तर पुन्हा वीस मिनिटांचा फॉर्म देईल.

म्हणून फाटकावर पाटी लावा. रेपोमध्ये, म्हणजे कोड ठेवतात त्या जागी, योगदान कसं द्यायचं ती जी फाइल असते तिच्यातच एक परिच्छेद घाला, मराठीत सुचला तर आधी मराठीत लिहून मग इंग्रजी करा, की संशोधनासाठी येणाऱ्यांचं स्वागत आहे, पण आधी उघड सांगायचं काय करणार आहात, सर्वेऐवजी शक्य असेल तर अर्धा तास फोनवर बोलायचं, छापायच्या आधी मसुदा आम्हाला दाखवायचा, कोणाचं नाव किंवा खासगी मेल विचारल्याशिवाय वापरायचा नाही, आणि जाताना एक तरी काम करून जायचं, तुटलेला टेस्ट असो की डॉक्युमेंटेशनमधलं एक पान असो. ज्याला खरंच काम करायचंय तो ही पाटी वाचून खूश होतो. ज्याला फक्त फॉर्म भरून पाहिजे तो पुढच्या घरी जातो, जाऊ द्या त्याला.

दोघांनी मिळून केलं तर काय उभं राहतं त्याचं एक उदाहरण देतो आणि मग पुढच्या पत्राकडे वळतो. ओपनएमआरएस, दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. २००४ मध्ये इंडियाना विद्यापीठाशी जोडलेली रेगनस्ट्रिफ इन्स्टिट्यूट आणि पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था, दोघांकडच्या डॉक्टर-संशोधकांनी ते सुरू केलं, केनियातल्या एल्डोरेटमध्ये एचआयव्हीच्या रुग्णांची नोंद ठेवायची निकड होती. दर देशातल्या, दर दवाखान्यातल्या गरजा वेगळ्या, म्हणून मधला गाभा लहान ठेवला आणि बाकी मॉड्यूल, ज्याला जे पाहिजे ते तो जोडेल. पुढे त्याच्यावरच बाहमनी उभं राहिलं, ते छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यासाठी बनलं. गनियारी म्हणजे बिलासपूरजवळ, आपल्या गोंदियावरून रेल्वेने काही तासांवर. तिथल्या ओपीडीच्या रांगेत बसून कोणाला काय लागतं हे ज्यांनी बघितलं त्यांच्यामुळे ते चाललं.

प्रश्न : आमची मेहकर तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन खरेदीचं सॉफ्टवेअर दोन पोरांनी ओपन सोर्स वापरून बनवलं, चांगलं चालतं. आता एक सल्लागार म्हणतात याचे वीस वेगवेगळे सर्व्हिस, म्हणजे स्वतंत्र चालणारे छोटे प्रोग्राम, करा, मॉड्युलर म्हणजे तसंच असतं. करावं का?

नका करू. दोन पोरं वीस सर्व्हिस सांभाळतील की खरेदी सांभाळतील? तुकडे जितके जास्त तितके सांधे जास्त, आणि सॉफ्टवेअर सांध्यातच मोडतं. २०१६ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्टची पॅकेजेस जिथे ठेवतात त्या एनपीएमवरून लेफ्ट-पॅड नावाचं एक पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. ११ ओळींचा कोड होता, अक्षरांच्या डावीकडे जागा भरण्यापुरता, आणि त्याच्यावर एकावर एक रचलेले इतके प्रोजेक्ट होते की जगभरात कितीतरी ठिकाणी बिल्ड, म्हणजे कोड जोडून सॉफ्टवेअर तयार करणं, बंद पडलं. काही तासांत ते परत आणावं लागलं. एवढुशा गोष्टीसाठी वेगळा तुकडा करून ठेवला की काय होतं ते सगळ्यांना तेव्हा कळलं.

तुम्ही फक्त एवढं विचारा की आपल्याकडे दर हंगामात काय बदलतं. ओलाव्याचा नियम बदलतो. २०२४ च्या खरिपात केंद्राने हमीभावाच्या सोयाबीन खरेदीसाठी ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के केली, आठवत असेल. त्या दिवशी तुमच्या पोरांना तो १२ चा आकडा किती ठिकाणी बदलावा लागला ते त्यांना विचारा. एका ठिकाणी असेल तर सॉफ्टवेअर पुरेसं मॉड्युलर आहे, सल्लागारांना चहा पाजा. काट्याच्या स्क्रीनवर, पावतीत आणि रिपोर्टमध्ये, असा तीन ठिकाणी असेल तर तेवढा नियम एका फाइलीत आणा, एका दिवसाचं काम आहे. तसंच इलेक्ट्रॉनिक काट्यावरून वजन वाचायचा भाग वेगळा ठेवा, कारण काटा उद्या दुसऱ्या कंपनीचा येईल. बाकी एकत्रच राहू द्या.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याकडे एका पदवी कॉलेजात शिकवते. पोरं हुशार आहेत पण नेट येतं-जातं, लाइन जाते, लॅबमध्ये सात कॉम्प्युटर चालू आहेत. आमच्याकडून असं संशोधन होईल का, की हे शहरातल्या लोकांचंच काम आहे?

मॅडम, होईल, आणि तुमच्या तर दारातच त्याची शाळा आहे. तुमच्याच तालुक्यातलं मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव म्हणून सगळे ओळखतात, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तेही सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्या गावाची सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे तिथला अभ्यास गट. देवाजी तोफांसारखी गावातली माणसं आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी बाहेरून अभ्यासाला आलेली माणसं एकत्र बसून एकेक विषय समजून घ्यायची, जंगलाचा, कायद्याचा, मोहाचा, आणि निर्णय मात्र गावाची सभा घ्यायची, तोही बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. अभ्यास करणारा सांगेल, ठरवणार गाव. मी ओपन सोर्सच्या इतक्या प्रकल्पांत संशोधक आणि डेव्हलपर यांचं बिनसताना बघितलंय, आणि दरवेळी मला मेंढ्याचाच अभ्यास गट आठवतो, कारण बिनसतं ते इथेच, संशोधकाला वाटतं मी सांगितलं म्हणजे झालं. तुमच्या पोरांपैकी काहींनी हे घरी, ग्रामसभेत बसून बघितलेलं असेल. त्यांना ही रीत शिकवावी लागणार नाही, हे छोटं नाही हो.

नेटचं म्हणाल तर तेवढी अडचण नाही. गिट, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल, २००५ मध्ये बनलं तेच अशा बेतानं की अख्खा इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असतो. एकदा क्लोन झालं, म्हणजे अख्खी नक्कल उतरवून घेतली, की पंधरा वर्षांच्या कमिट, कोणी कोणती ओळ कधी लिहिली, कोणत्या फाइली सोबत बदलल्या, सगळं नेट बंद करूनसुद्धा निघतं. फक्त सुरुवातीला लिनक्स कर्नल घेऊ नका, तो कित्येक जीबीचा आहे, क्लोन अर्ध्यात तुटेल आणि पोरांचा हिरमोड होईल. शंभर-दीडशे एमबीच्या आतला प्रकल्प बघा, जिल्ह्याच्या ठिकाणी गेलात की पेनड्राइव्हवर आणा आणि सातही मशीनवर टाका. डेव्हलपर लोकांशी बोलणं मेलवर किंवा इश्यूवर होतं, ते अक्षरंच असतात, टूजीवरही जातं, कर्नलवाले तर आजही साध्या मेलवरच पॅच घेतात. पोरांना लिनक्सची सवय नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून धडे आहेत, फुकट आहेत, डाउनलोड करून ठेवता येतात.

सुरुवात अशी करा की आठवड्यातून एक तास, पाच-सहा पोरं, एक फाइल. आकडे पहिला महिनाभर काढूच नका. एक फाइल सगळ्यांनी मिळून वाचायची, तिचा इतिहास बघायचा, ती कोणाकोणाला ओळखते ते फळ्यावर खडूने काढायचं, आणि प्रत्येक बाणाजवळ पोरांनी लिहायचं की हा बाण काहून असेल. ज्या बाणाचं कारण कोणालाच सांगता आलं नाही तो तुमचा पहिला प्रश्न, तोच डेव्हलपरना विचारायचा. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं, तिकडे अर्ध्या लोकांचं तसंच असतं, फ्रान्समधले, ब्राझीलमधले, सगळे तसेच लिहितात.

पहिला फळा भरला की त्याचा फोटो मला पाठवा आणि कोणता प्रकल्प घेतला तेही कळवा, म्हणजे मी त्याचा क्लोन माझ्याकडेही करून ठेवतो आणि पोरं जिथे अडकतील ती फाइल उघडून तुमच्याशी फोनवर बोलतो. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो.